औषधींची ओळख : चेल्सीच्या बागेची हकीकत

तक्षशिलेच्या आचार्यांनी आपला शिष्य जीवक यास निरोप देण्यापूर्वी त्याची जी परीक्षा घेतली, तिची कथा बौद्ध वाङ्मयात प्रसिद्ध आहे. हाती कुदळ घेऊन नगरीभोवती एक योजनपर्यंत हिंडावे आणि औषधी नव्हे अशी जी वनस्पती आढळेल ती घेऊन यावे, अशी गुरूंची आज्ञा होती. जीवक रिकाम्या हाताने परत आला. तशी एकही वनस्पती त्यास आढळली नव्हती, आणि तेवढ्यावरच गुरूंनी त्यास उत्तीर्ण केले. प्रत्येक वनस्पतीत काही ना काही गुण असतो, असे या कथेचे तात्पर्य सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ही परीक्षा रानात घेतली गेली, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. वनस्पतींचे गुण शिष्याला मुखोद्गत असतील, याबद्दल गुरूंना शंका नसावी. ती वनस्पती प्रत्यक्ष समोर उभी राहिली असता तो तिला ओळखील काय, एवढेच त्यांना पाहावयाचे होते.

हाच प्रश्न पुढे अनेक शतकांनी इंग्लंडातील लंडन शहरापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्या शहराने एकट्यादुकट्या गुरूवर न सोडता सार्वजनिक रीतीने शोधले. त्या प्रयत्नाची हकीकत बोधप्रद आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये औषधे तयार करून विकणाऱ्यांना अपॉथेकरी म्हणत. हे लोक प्रथम किराणा व मसाले विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघात मोडत. 1617 साली राजा पहिला जेम्स याने त्यांना स्वतंत्र सनद दिली व त्यांचे निराळे मंडळ अस्तित्वात आले. वैद्याने औषधयोजना लिहून द्यावी आणि अपॉथेकऱ्याने ती सिद्ध करावी, अशी वाटणी होती. त्या औषधांपैकी बरीच म्हणजे मुळ्या, पाने, साली व बिया. त्या अपॉथेकऱ्याने स्वतः खणून आणाव्या, असे क्वचितच घडे. खेड्यापाड्यांतील बाया पाल्याच्या जुड्या व मुळ्यांची गाठोडी घेऊन चीपसाइडच्या बाजारात बसत. त्या जे नाव सांगत, तेच नाव दुकानातील बरणीवर चढे. वैद्याने एक नाव लिहिले, बाईने दुसरीच मुळी दिली आणि रोग्याच्या पोटात तिसरेच काही गेले, तर चूक कोणाची हे ठरविण्यास पुष्कळदा रोगीच उरत नसे.

ही अतिशयोक्ती नव्हे. थॉमस जॉन्सन नावाचा एक अपॉथेकरी त्या काळी लंडनच्या स्नो हिल भागात दुकान चालवीत असे. जॉन जेरार्ड याचा 1597 साली निघालेला मोठा वनस्पतिग्रंथ जॉन्सनने शोधून, सुधारून व वाढवून 1633 साली पुन्हा प्रसिद्ध केला. त्यात गाजर व कोथिंबिरीच्या कुळातील, पाणथळ जागी उगवणाऱ्या इनॅन्थी नावाच्या एका वनस्पतीची त्याने कडक शब्दांत सूचना दिली आहे. तिची मुळे जाड व पुंजक्यांनी वाढणारी असतात. पिओनी या औषधीच्या मुळांऐवजी काही लोकांनी ती विकत घेऊन वापरली, आणि चीपसाइडच्या बाया ‘वॉटर लव्हेज’ या भलत्याच नावाने ती रोज विकत आहेत, अशी त्याची तक्रार आहे. इंग्लंडात आढळणाऱ्या अत्यंत जहाल विषारी वनस्पतींत आजही इनॅन्थीची गणना होते. जॉन्सनने विकणाऱ्या बायांना अज्ञ म्हटले. पण घेणारे त्यांच्याहूनही अज्ञ आहेत, असे म्हणावयासही तो कचरला नाही.

यावर उपाय काय? ग्रंथ छापून हे काम पुरते होत नाही, हे जॉन्सनसारख्या ग्रंथकारालाही ठाऊक होते. लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे ढोबळ असत, आणि पुष्कळदा एकच ठसा दोन निरनिराळ्या वनस्पतींच्या माथी बसे. म्हणून अपॉथेकरी मंडळाने आपल्या उमेदवारांना रानात नेण्याचा परिपाठ पाडला. उन्हाळ्याच्या दिवसांत पहाटे जमावयाचे, अनुभवी माणसाच्या मागोमाग शेतांचे बांध, ओढ्यांचे काठ, माळ व झाडी धुंडाळीत जावयाचे, जे आढळेल ते खुडून सर्वांसमक्ष त्याचे नाव, लक्षण व उपयोग ठरवावयाचा, असा हा क्रम असे. 1629 च्या जुलै महिन्यात स्वतः जॉन्सन काही सहकाऱ्यांसह टेम्स नदीतून नावांनी केंट परगण्यात गेला. वाटेत वादळाने नावांची ताटातूट झाली, तरी मंडळी पुढे एकत्र जमली आणि त्यांनी आपला शोध पुरा केला. या प्रवासाचा व आढळलेल्या वनस्पतींचा वृत्तांत त्याच वर्षी लॅटिन भाषेत छापून निघाला. इंग्लंडातील वनस्पतिशोधाच्या फेरीचा हा पहिला छापील वृत्तांत होय. याच जॉन्सनने 1633 साली बर्म्यूडाहून आलेला केळ्यांचा घड आपल्या दुकानात टांगून ठेवला होता व तो लोकांना एक नवलच वाटला. जे ऐकले ते डोळ्यांनी दाखवावे, ही त्याची वृत्तीच होती. पुढे यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढताना जखमी होऊन 1644 साली तो मरण पावला. परंतु त्याने रूढ केलेली पद्धत मागे राहिली.

रानातील शिक्षणाला एक मर्यादा असते. वनस्पती ऋतूप्रमाणे येते व जाते. दूरदेशीची औषधी तर लंडनच्या आसपास मिळणे शक्यच नसते. बीज रुजण्यापासून फळ धरण्यापर्यंत जिची सर्व रूपे पाहिली, तीच वनस्पती खरी ओळखीची. याकरिता मंडळाने 1673 साली चेल्सी येथे टेम्सच्या काठी जागा भाड्याने घेऊन औषधी बाग लावली. जागा सुमारे चार एकरांची. चेल्सी त्या वेळी शहराबाहेर होते व मंडळाची नाव तेथे लागत असे; त्यामुळे रानफेरीस निघणे व जमविलेली रोपे परत आणणे, दोन्ही सोयीचे झाले. हॉलंडमधील लायडनच्या बागेशी बियांची देवघेव सुरू झाली. 1683 साली लेबॅननच्या देवदाराची चार झाडे येथे लावण्यात आली.

तथापि, बाग चालविणे म्हणजे नित्याचा खर्च. मंडळाजवळ पैसा बेताचा असे, आणि बाग सोडून द्यावी असे विचारही अधूनमधून निघत. अशा वेळी हान्स स्लोन हा वैद्य तिच्या मदतीस आला. विद्यार्थिदशेत तो याच बागेत वनस्पती शिकला होता. पुढे धनसंपन्न झाल्यावर त्याने चेल्सीची जहागीरच विकत घेतली. 1722 साली त्याने ही बाग सालीना 5 पौंड एवढ्या नाममात्र भाड्याने कायमची मंडळाला दिली. त्याने दोन अटी घातल्या. बाग औषधी बाग म्हणूनच चालावी, ही पहिली. तेथे वाढलेल्या 50 निरनिराळ्या वनस्पती वाळवून, चिकटवून व नावे घालून दरसाल रॉयल सोसायटीकडे द्याव्या, आणि 2000 नमुने पुरे होईपर्यंत एकही वनस्पती दुसऱ्यांदा देऊ नये, ही दुसरी. चाळीस वर्षांनी हा आकडा पुरा व्हावयाचा! बाग कागदोपत्री जिवंत ठेवून प्रत्यक्षात ओसाड पाडता येऊ नये, म्हणून या चतुर गृहस्थाने केलेली ही तजवीज होती. बागेचा हेतू सांगताना त्याने लिहून ठेवले आहे की, उमेदवारांना व इतरांना उपयुक्त वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी घातक वनस्पती यांतील भेद नीट कळावा. जॉन्सनने चीपसाइडच्या बाजारात जे पाहिले, त्याचेच हे उत्तर होते. ‘इतरांना’ हा एक लहानसा शब्दही त्यात आहे, आणि पुढे त्यास फार महत्त्व आले.

बागेत वनस्पती दाखवून समजावून सांगण्यासाठी निदर्शक नेमण्यात येत असे. 1724 पासून आयझॅक रँड हा अपॉथेकरी ते काम पाही. त्याच्या जोडीस फिलिप मिलर हा माळी 1722 ते 1770 अशी जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे होता. मिलरचा बागकामाचा कोश 1731 साली निघाला आणि त्याच्या हयातीतच त्याच्या आठ आवृत्त्या झाल्या. 1736 साली तरुण लिनिअस हॉलंडहून येऊन ही बाग पाहून गेला. मिलर त्यास एकेक रोप दाखवीत जुनी लांबलचक नावे घेई. पाहुणा गप्प राहिलेला पाहून, यास एकही वनस्पती ठाऊक नाही, अशी मिलरची समजूत झाली. लिनिअस बोलू लागल्यावर ती दूर झाली, पण नव्या पद्धतीची नावे स्वीकारावयास मिलरने 1768 ची आठवी आवृत्ती येईपर्यंत वेळ घेतला. ओळखीइतकाच नावाचा प्रश्नही अवघड असतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

स्लोनच्या लेखातील ‘इतरां’मध्ये पुढे एक स्त्री आली. एलिझाबेथ ब्लॅकवेल हिचा पती कर्जापायी तुरुंगात पडला होता. तिला चित्रे काढता येत. चांगल्या औषधिचित्रांची उणीव आहे असे कळताच तिने बागेजवळच बिऱ्हाड केले आणि बागेतील जिवंत रोपे समोर ठेवून चित्रे काढावयास प्रारंभ केला. रँडने तिला उत्तेजन दिले. चित्रे तिनेच काढली, तांब्याच्या पत्र्यांवर तिनेच कोरली व रंगविलीही तिनेच. पती तुरुंगात बसून नावे व माहिती पुरवी. दर आठवड्यास चार याप्रमाणे सव्वाशे आठवडे ही चित्रे निघत गेली, आणि 1737 ते 1739 या काळात 500 चित्रांचा ग्रंथ पुरा झाला. त्याच्या उत्पन्नावर तिने पतीची सुटका करविली. अपॉथेकऱ्यांच्या उमेदवारीत जिला स्थान नव्हते, तिच्या हातून उमेदवारांच्या उपयोगाचा ग्रंथ निर्माण झाला.

ज्या पालेवाल्या बायांना जॉन्सनने दोष दिला, त्यांचा पक्षही मांडला पाहिजे. जोसेफ बँक्स, जो 1768 साली कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, तो ईटनच्या शाळेत असताना औषधविक्रेत्यांसाठी पाला खुडणाऱ्या बायांकडूनच प्रथम वनस्पती शिकला. दर माहितीमागे तो त्यांना सहा पेन्स देई. विल्यम विदरिंग या वैद्यापुढे 1775 साली श्रॉपशर परगण्यातील एका वृद्धेचा जलोदरावरील गुप्त काढा आला. त्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. विदरिंग स्वतः वनस्पतिज्ञ असल्यामुळे त्यांतील गुणकारी वनस्पती फॉक्सग्लव्हच असावी, हे त्याने ताडले. दहा वर्षे रोग्यांवर मात्रा पारखून 1785 साली ग्रंथ लिहिला, आणि हृद्रोगावरील डिजिटॅलिस हे औषध वैद्यकात रूढ झाले. याच फॉक्सग्लव्हची पाने फूल येण्यापूर्वी कॉम्फ्री नावाच्या साध्या वनस्पतीसारखी दिसतात व त्यामुळे माणसे दगावलेली आहेत. वृद्धेजवळ गुण होता, विदरिंगजवळ पारख होती. गुण गुप्त राहिला असता, तर तो वृद्धेबरोबर नाहीसा झाला असता. पारखीवाचून वापरला गेला असता, तर त्याने जीव घेतले असते. चारचौघांत दाखवून दिलेले ज्ञान या दोन्ही संकटांतून वाचते.

रानफेऱ्यांची प्रथा पुढे थॉमस व्हीलर याने 1778 पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ चालविली. त्याच्या आधीचा निदर्शक विल्यम कर्टिस याने तर 1779 साली लंडनजवळ लॅम्बेथ येथे, वर्गणी भरणाऱ्या कोणासही येऊन शिकता यावे, अशी स्वतःची बाग काढली. 1815 च्या कायद्याने अपॉथेकऱ्यांस परीक्षा आवश्यक झाली व विद्यार्थी वाढले. परंतु शहरही वाढत होते. जेथे उमेदवार मुळ्या खणीत, तेथे घरे उठली. रान गाठण्यासच दिवस खर्ची पडू लागला. 1834 साली फेऱ्या बंद झाल्या. 1899 साली मंडळाने बागेचा भार सोडला व एका धर्मादाय संस्थेने तो उचलला. 1983 साली बागेचे दरवाजे सर्वसामान्य जनतेसाठी उघडले. स्लोनच्या ‘इतरांना’ या शब्दाचा पुरता अर्थ फळास येण्यास अशी 261 वर्षे लागली.

या बागेत मिलरने वाढविलेल्या रोपांपैकी एक मराठी माणसाच्या चांगले परिचयाचे आहे. पॅरिसहून आलेल्या बियांपासून त्याने मादागास्करची एक गुलाबी फुलांची वनस्पती रुजविली, आणि लिनिअसने 1759 साली तिला शास्त्रीय नाव दिले. ती म्हणजे आपल्या अंगणातील सदाफुली. मधुमेहावर सदाफुलीचा पाला चांगला, अशी समजूत अनेक देशांत आहे. ती पडताळण्यासाठी कॅनडात जमेकाहून आलेल्या पानांवर प्रयोग झाले. रक्तातील साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मात्र पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्याचे आढळले. त्यातून 1958 साली व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. म्हणजे ज्या पानांचा काढा लोक निर्धास्तपणे घेतात, त्यांतच वैद्याच्या देखरेखीवाचून हात लावू नये असे द्रव्य आहे.

उपयुक्त वनस्पती आणि घातक वनस्पती दिसावयास सारख्या असतात, असे स्लोनने म्हटले. सदाफुलीच्या बाबतीत तर ती एकच आहे. जिला रोज पाणी घालतो तिची ओळख आपल्याला आहेच, असे घरोघर वाटत असते. चेल्सीच्या उमेदवारांनाही निघताना तसेच वाटत असावे. म्हणूनच खुडलेले प्रत्येक पान सर्वांसमक्ष पुढे धरून त्याचे नाव पुन्हा विचारण्याची रीत त्यांना लावून देण्यात आली होती.