व्यसनप्रतिबंध : खर्च व लाभ

व्यसन जडण्याआधीच ते रोखण्यासाठी शाळा, गाव किंवा शासन जे उपक्रम राबवते, त्यांवरील खर्च आणि त्यांमुळे टळणारे नुकसान यांचा ताळेबंद.

खर्चाच्या बाजूला शिक्षकांचे प्रशिक्षण, कार्यकर्त्यांचे मानधन, अंमलबजावणी आणि बंदी असल्यास बुडणारे उत्पादन शुल्क येते. लाभाच्या बाजूला टळलेले आजार, अपघात, मारहाण आणि न बुडलेला रोज. खर्च चालू वर्षी एका खात्यावर दिसतो. लाभ मात्र घराघरांत विखुरतो आणि बहुधा उशिरा पदरात पडतो. त्यामुळे प्रतिबंध महाग वाटतो. शिवाय कर हा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा असल्याने, बुडालेला महसूल म्हणजे समाजाचा तेवढाच तोटा, असे धरता येत नाही.

घरचा हिशेब : जामनेर तालुक्यातील (जि. जळगाव) पहूरसारख्या कापूसपट्ट्यात एखादा शेतमजूर रोज 50 रुपये दारूवर घालवत असेल, तर वर्षाला 18,250 रुपये जातात. बुडालेली मजुरी आणि दवाखाना त्यावर वेगळा.

हिशेबाची हद्द : पहूर पेठ आणि पहूर कसबे ही लगतची गावे. महिलांच्या मतदानाने 'बाटली आडवी' होऊन एका गावातले दुकान बंद झाले, तरी पिणारा शेजारच्या गावात जाऊ शकतो. म्हणून एकाच गावाची आकडेवारी फसवी ठरते. बंदी जिल्हाभर केली तरी ती टिकतेच असे नाही : चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये लागू झालेली दारूबंदी रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर 2021 मध्ये उठली; अवैध दारू आणि वाढती गुन्हेगारी ही कारणे शासनाने दिली. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. तिथे 2016 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने 'मुक्तिपथ' अभियान सुरू झाले. त्यात बंदीला गावसंघटना, जनजागृती आणि उपचार यांची जोड आहे.

परिणामकारकता : स्वस्त उपक्रम किफायतशीर असतोच असे नाही. अमेरिकेत पोलिसांनी वर्गात शिकवण्याचा 'डेअर' हा कार्यक्रम गाजला, पण त्याच्या मूळ स्वरूपाचा टिकाऊ परिणाम अभ्यासांत आढळला नाही. नकार देणे, ताण हाताळणे यांचा सराव करून घेणारे जीवनकौशल्य-शिक्षण मात्र तिथल्या खर्च-लाभ अभ्यासांत फायद्याचे ठरले. मद्याबाबतच्या परिणामकारक धोरणांवर गुंतवलेल्या 1 डॉलरमागे 2030 पर्यंत सुमारे 9 डॉलर परत मिळतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2018 चा अंदाज आहे. प्रभातफेरी आणि एका व्याख्यानावर भागवलेला कार्यक्रम या हिशेबात बसत नाही.

उपचाराशी तुलना : पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या व्यसनमुक्ती केंद्रांची गरज प्रतिबंधाने संपत नाही. 2019 च्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या 37 जणांच्या व्यसनाचा भार त्यांची घरेच वाहतात. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.