असत्यावरील कर



लोकांचा कैवारी म्हणून पुढें आलेला पुढारी वर्तमानपत्रांवर उलटतो, तेव्हां त्याची तक्रार सर्वस्वीं खोटी असतेच असें नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं लुइझिआना येथील ह्यूई लाँग हें याचें ठळक उदाहरण होय. १८९३ सालीं जन्मलेला हा मनुष्य प्रथम गांवोगांव फिरून माल विकीत असे. मग वकील झाला आणि १९२८ सालीं गव्हर्नर. त्यानें चिखलवाटांचे पक्के रस्ते केले, शाळांतील मुलांना पुस्तकें फुकट दिलीं. पुस्तकांवांचून मागें पडणारीं मुलें मीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं आहेत. या एका कामाबद्दल तरी त्याला नांवें ठेवण्यास माझी जीभ वळत नाहीं.

१९२९ सालीं त्यानें शुद्ध केलेल्या तेलावर पिंपामागें ५ सेंट कर बसविण्याचा घाट घातला. तेल कंपनी खवळली आणि शहरांतील वर्तमानपत्रेंही त्याच्यावर तुटून पडलीं. धनिकांचीं पत्रें गरिबांचें गाऱ्हाणें छापणार नाहींत, हें लाँगचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. परंतु त्यानें उपाय योजला तो कोणता? बॅटन रूज येथील पत्रांचे मालक चार्ल्स मॅनशिप यांना त्यानें धमकी दिली कीं, विरोध थांबला नाहीं तर तुमचा भाऊ वेड्यांच्या इस्पितळांत आहे हें मी जगजाहीर करीन. मॅनशिप यांनीं ती धमकी आपल्याच पत्राच्या पहिल्या पानावर छापून टाकली! लाँगवर महाभियोग आला. त्यांत या धमकीचाही आरोप होता. दोषी ठरविण्यास सेनेटच्या ३९ सभासदांपैकीं २६ जणांचीं मतें हवीं होतीं. १५ जणांनीं आपण त्याला दोषी ठरविणार नाहीं असें आधींच लिहून दिलें, आणि लाँग सुटला.

१९३० सालीं त्यानें ‘लुइझिआना प्रोग्रेस’ हें स्वतःचें पत्र काढलें. तें खपविण्याचा भार सरकारी नोकरांच्या माथीं आला. पण त्याचें खरें शस्त्र नभोवाणी. १९३२ पासून तो वॉशिंग्टन येथें सेनेटर असला, तरी संस्थानचा कारभार त्याच्याच मुठींत होता. आणि १९३४ मध्यें संपत्तीच्या वांटणीची आपली योजना त्यानें सगळ्या देशाला ऐकविली ती रेडिओवरून. भाषणाच्या प्रारंभीं तो सांगे कीं, कांहीं मिनिटें मी महत्त्वाचें बोलणार नाहीं, तोंवर मित्रांना टेलिफोन करून रेडिओ लावावयास सांगा. या यंत्राचा गुण त्यानें नेमका ओळखला होता. वर्गांत एखादें पोर हात वर करून शंका तरी विचारतें. येथें, मी आतां बोलत आहें तेव्हांही, तशी सोय नाहीं.

त्याच वर्षीं जुलैंत कायदा झाला कीं, आठवड्यास २०,००० हून अधिक प्रती खपणाऱ्या पत्रांनीं जाहिरातींच्या एकूण उत्पन्नावर शेंकडा २ कर द्यावा. अशीं पत्रें संस्थानांत अवघीं १३. त्यांतलीं १२ लाँगच्या विरुद्ध! हा असत्यावरील कर आहे, असें तो उघड म्हणे. पुढें त्याच हिवाळ्यांत, ज्या विद्यापीठाला त्यानेंच ऊर्जितावस्थेस आणलें होतें, तेथील विद्यार्थ्यांच्या ‘रेव्हिली’ या पत्रांत त्याच्यावर टीका येऊं घातली. ती दडपण्यांत आली आणि अखेर ७ विद्यार्थी विद्यापीठाबाहेर गेले. पुस्तकें फुकट देणारा हात तो हाच.

८ सप्टेंबर १९३५ रोजीं बॅटन रूजच्या विधिमंडळाच्या इमारतींत लाँगवर गोळी झाडली गेली. दोन दिवसांनीं तो वारला. कराचा खटला मात्र चालूच होता. १० फेब्रुवारी १९३६ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो कर रद्द केला. न्यायमूर्ति सदरलंड यांनीं इंग्लंडांत १७१२ सालीं पत्रांवर बसविलेल्या मुद्रांक कराचा इतिहास उगाळला, तो उगीच नव्हे. पत्रें करमुक्त असावींत असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. खपाच्या मापानें बसविलेला कर खपच आंखडण्यासाठीं आहे, एवढेंच त्यानें ओळखलें. हा निकाल लाँगच्या नांवानें प्रसिद्ध नाहीं. कर वसूल करणाऱ्या अधिकारी बाई ॲलिस ली ग्रोजाँ यांच्या नांवानें तो ओळखला जातो. त्या पूर्वीं लाँगच्याच चिटणीस होत्या.