पोटदुखी, बेझचे सूत्र आणि लीड्सचा संगणक

कृत्रिम बुद्धिमत्तेने एखाद्या देशाची आरोग्यव्यवस्था सुधारेल काय, हा प्रश्न आजचा वाटतो. ब्रिटनमध्ये तो पन्नास वर्षांपूर्वीच विचारला गेला, आणि तोही पोटदुखीच्या निमित्ताने.

१९४८ साली तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि उपचार सर्वांना मोफत झाले. पण मध्यरात्री पोट धरून आलेल्या रुग्णास प्रथम तपासणारा डॉक्टर बहुधा सर्वांत नवखा असे. अपेंडिक्स वेळीच ओळखले नाही तर ते पोटात फुटते. उगाच शंका घेतली तर निरोगी पोट फाडले जाते.

लीड्सचे शल्यविशारद टिम दे डोम्बाल यांनी येथे संगणक आणला. तर्क अठराव्या शतकातील पाद्री थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्राचा. दुखणे कोठे सुरू झाले, कोठे सरकले, उलटी झाली काय, अशा उत्तरांवरून आणि पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींवरून यंत्र प्रत्येक आजाराची शक्यता सांगे. (आजच्या यंत्रशिक्षणाच्या वर्गात हेच सूत्र पहिल्या काही धड्यांत भेटते.)

१९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३०४ रुग्ण होते. यंत्राचे निदान ९१.८ टक्के अचूक ठरले, तर सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के.

गाजले ते हेच आकडे. खरा इतिहास मात्र त्यांच्या आडोशाला आहे.

त्याच चमूने एकदा रुग्णांच्या प्रत्यक्ष नोंदींऐवजी डॉक्टरांचे अंदाज यंत्राला पुरवले: अमुक आजारात अमुक लक्षण किती वेळा दिसते, हे अनुभवी मंडळींनी आठवून सांगितलेले. अचूकता सुमारे ९१ वरून ८२ टक्क्यांवर घसरली. सूत्र तेच, संगणक तोच. फरक होता तो स्मरणात आणि नोंदवहीत. पुढे लीड्सची नोंदवही कोपनहेगनला नेली, तेव्हा तेथील रुग्णांवर तिचा तितका प्रभाव पडला नाही.

त्याहून विलक्षण बाब १९७४ च्या अहवालात आहे. चाचणी चालू असताना डॉक्टरांचे स्वतःचे निदान सुधारले. शस्त्रक्रियेपूर्वीच फुटलेल्या अपेंडिक्सचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. चाचणी संपली, संगणक गेला, आणि ते पुन्हा वाढले.

म्हणजे यंत्र निदान करत होते, त्याहून अधिक ते डॉक्टरांना प्रश्न विचारावयास लावत होते. छापील नोंदपत्र भरावे लागे आणि आपले निदान चुकले की बरोबर आले, हे त्यांना लवकरच कळे. नवख्या डॉक्टरास असा हिशेब एरवी कोण देतो?

१९८६ मध्ये आठ केंद्रांतील १६,७३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राथमिक निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्के झाली, व्यर्थ शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्यावर आल्या, मृत्युदर २२ टक्क्यांनी घटला. देशभर हे राबविल्यास दरवर्षी दोन कोटी पौंडांहून अधिक मोलाची साधनसामग्री वाचेल, असा अंदाजही त्यात मांडला होता.

तरीही ही पद्धत राष्ट्रीय सेवेत सर्वत्र रुजली नाही. रात्रपाळीत इतकी उत्तरे भरणे अनेकांना ओझे वाटे, आणि ज्येष्ठांना यंत्राचा सल्ला मानवत नसे. काही रुग्णालयांनी केवळ नोंदपत्र वापरून पाहिले. तेथेही निदान सुधारले, संगणकाविनाच.