वास नसलेला गॅस आणि धुराडं नसलेली शेकोटी

स्वयंपाकघरात गॅस लीक झाला की जो घाण वास येतो ना, तो गॅसचा नसतोच मुळी. सिलिंडरमधला एलपीजी घ्या नाहीतर पाइपने येणारा नैसर्गिक गॅस, शुद्ध स्वरूपात दोघांनाही सांगण्यासारखा वास नाही. तो सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम घातलेला असतो. मरकॅप्टन जातीच्या रसायनांचा. आपलं नाक या रसायनांच्या बाबतीत भलतंच तिखट आहे, अब्जात काही कण असले तरी ओळखतं.

या विषयात मी शिरलो ते एका साध्या प्रश्नामुळे. ऑनसाइट गेलेल्या आणि मग तिथलेच झालेल्या माझ्या दोन-तीन मित्रांकडे 'व्हेंट-फ्री गॅस लॉग' आहे, किंवा बसवायचं चाललंय. दिसायला फायरप्लेसमध्ये रचलेले लाकडाचे ओंडके, प्रत्यक्षात सिरॅमिकचे. खाली गॅसचा बर्नर, मधून नाचणाऱ्या पिवळ्या ज्वाळा. राख नाही, ओंडके वाहून आणणं नाही, रिमोटवर शेकोटी! गोम नावातच आहे. व्हेंट-फ्री म्हणजे याला धुराडंच नाही. जळून जे काही तयार होतं ते तुमच्याच खोलीत राहतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, अरे, हे कायदेशीर कसं काय? उत्तर शोधता शोधता १९३७ सालात जाऊन पोचलो.

पूर्व टेक्सासमध्ये १९३० साली तेलाचा प्रचंड साठा सापडला आणि बघता बघता तिथली खेडी श्रीमंत झाली. न्यू लंडन हे त्यातलंच एक गाव. तिथल्या शाळेची पोलादी सांगाड्याची मोठी इमारत, फुटबॉलच्या मैदानाला विजेचे दिवे, असा सगळा थाट. मूळ आराखड्यात इमारत गरम ठेवायला एक मध्यवर्ती बॉयलर होता. शाळेच्या बोर्डाने तो रद्द करून इमारतभर ७२ गॅस हीटर बसवले. पुढे १९३७ च्या सुरुवातीला बोर्डाने आणखी एक बचत केली. गॅस कंपनीचं कनेक्शन तोडलं आणि तेलविहिरींवरून जाणाऱ्या उरलेल्या गॅसच्या पाइपलाइनला शाळेची लाइन जोडली. हा गॅस तेल कंपन्यांच्या दृष्टीने कचरा, तो नुसता जाळून टाकायचे. आजूबाजूची घरं, चर्चेस असंच करत होती आणि कंपन्या काणाडोळा करत होत्या. शाळेची बचत किती? महिन्याला साधारण ३०० डॉलर.

या गॅसला वास नव्हता. कुठल्यातरी जोडातून तो गळत होता आणि इमारतीच्या जमिनीखाली जी लांबलचक पोकळी होती तिथे साठत होता. तिथली हवा बाहेर जायला धड वाट नव्हती. मुलांना डोकेदुखीचा त्रास होत होता, असं नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. पण डोकेदुखीवरून गॅस गळतोय असं कोण म्हणणार?

१८ मार्च १९३७, गुरुवार. लहान वर्गांतली मुलं घरी गेली होती. मोठ्या मुलांची शाळा सुटायला काही मिनिटं होती. शेजारच्या जिममध्ये पालकांची सभा भरलेली. तीन वाजून गेल्यावर वर्कशॉपच्या शिक्षकांनी लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं, ठिणगी उडाली... बघणाऱ्यांनी सांगितलं की भिंती आधी फुगल्या, छत वर उचललं गेलं आणि मग सगळं खाली आलं. काँक्रीटचा दोन टनांचा तुकडा दोनशे फुटांवरच्या एका मोटारीवर जाऊन पडला. तेलविहिरींवरचे कामगार रात्रभर हातांनी ढिगारा उपसत होते, त्यातल्या अनेकांची स्वतःची मुलं खाली होती.

सुमारे ३०० जण गेले, बहुतेक सगळी मुलं. नेमका आकडा आजही सांगता येत नाही, कारण तेलाच्या कामासाठी आलेली फिरती कुटुंबं आपापल्या मुलांना घेऊन गावी निघून गेली. शाळेच्या प्रमुखांचा मुलगाही त्यात होता. लोकांच्या रागापुढे त्यांना राजीनामा द्यावा लागला, चौकशीत मात्र कुणाही एका व्यक्तीला दोषी धरलं गेलं नाही. कुणी कायदा मोडला होता असं म्हणावं, तर तसा कायदाच नव्हता ना.

तो लगेच आला. टेक्सासने काही आठवड्यांत गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं आणि ही पद्धत हळूहळू जगभर पोचली. आज अमेरिकेतला नियम असा आहे की गॅस स्फोटक व्हायला जेवढं प्रमाण लागतं त्याच्या एक पंचमांशालाच साधारण नाकाच्या माणसाला वास आला पाहिजे. मिथेन हवेत ५ टक्क्यांच्या आसपास पेट घेऊ शकतो, म्हणजे १ टक्क्याला नाकाने ओरडलं पाहिजे.

त्याच वर्षी टेक्सासने आणखी एक कायदा केला. जनतेसाठी इंजिनियर म्हणून काम करायचं तर नोंदणी आणि परवाना हवा. आपण व्हिजिटिंग कार्डावर 'सॉफ्टवेअर इंजिनियर' किती सहज छापतो! सॉफ्टवेअर इंजिनियरिंगला परवान्याच्या चौकटीत आणणारं अमेरिकेतलं पहिलं राज्यही टेक्सासच, १९९८ साली. पुढे परीक्षेला बसणारेच मिळेनात म्हणून ती परीक्षा २०१९ नंतर बंद पडली :) असो.

वास मिसळल्यामुळे *न जळलेल्या* गॅसचा प्रश्न सुटला. जळलेल्या गॅसचं काय? भरपूर हवेत गॅस नीट जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. मरकॅप्टनही इथे कामाचं नाही, कारण ते ज्योतीत जळून जातं.

हे कोडं खाणकामगारांना आधीपासून छळत होतं. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने कार्बन मोनॉक्साइड स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले आणि १८९५ साली प्रसिद्ध केले. खाणीत लहान प्राणी-पक्षी न्यावेत ही सूचनाही त्याचीच. कॅनरी पक्ष्याचा श्वास जलद, त्यामुळे विष त्याला माणसाआधी लागतं. कॅनरी दांडीवरून पडला की वर पळायचं. ब्रिटनमधल्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडे, बिनधुराड्याचे गॅस हीटर अनेक वर्षं सर्रास वापरात होते. जुनी घरं फटींनी भरलेली, त्यामुळे हवा आपोआप खेळायची. मग आलं १९७३ चं तेलसंकट. इंधन महागलं, लोकांनी घरांच्या फटी बुजवल्या, भिंतींत इन्सुलेशन भरलं. धुराड्यातून उष्णता वाया जात नाही म्हणून बिनधुराड्याचा हीटर आणखीनच आकर्षक वाटायला लागला. म्हणजे ज्या फटींमुळे तो निभावून जात होता त्या बुजल्या, आणि ज्या कारणाने तो घ्यावासा वाटतो ते मात्र वाढलं.

१९७८ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने या हीटरवर सरळ बंदीचाच प्रस्ताव मांडला. शेवटी बंदी आली नाही. १९८० साली मधला मार्ग निघाला: प्रत्येक हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारं उपकरण हवं. याला ओडीएस म्हणतात. त्याची रचना बघून मी अक्षरशः खूश झालो. चिप नाही, कोड नाही. एक छोटी पायलट ज्योत थर्मोकपलच्या टोकावर नेमकी टेकेल अशी बसवलेली असते. थर्मोकपल म्हणजे दोन धातूंचा जोड, तापला की काही मिलीव्होल्ट वीज देतो. सीबेकने १८२१ साली शोधलेलं हेच तत्त्व. त्या चिमूटभर विजेवर एक व्हॉल्व्ह उघडा राहतो. खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ च्या दिशेने उतरला की ज्योत अस्थिर होऊन टोकापासून दूर सरकते, थर्मोकपल थंड पडतं, व्हॉल्व्ह मिटतो, गॅस बंद. हॉल्डेनचा कॅनरीच की हा! तुमच्याआधी त्याचा जीव जातो.

पण आपण टेस्टिंगवाली माणसं, पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. हे उपकरण नेमकं काय मोजतं? ऑक्सिजन. कार्बन मोनॉक्साइड नाही. समजा सिरॅमिकचा एक ओंडका 'असा छान दिसतो' म्हणून कुणी थोडा सरकवला आणि ज्वाळा त्याच्यावर आदळायला लागल्या, तर काजळी आणि मोनॉक्साइड दोन्ही तयार होतील, आणि खोलीत ऑक्सिजन भरपूर असल्यामुळे ओडीएस शांत बसेल. म्हणून मॅन्युअलमधलं ओंडक्यांच्या जागांचं चित्र सजावटीसाठी नसतं. पायलटच्या हवेच्या छिद्रात धूळ किंवा कुत्र्या-मांजराचे केस अडकले तरी गणित बिघडतं, म्हणून दरवर्षी साफसफाई आणि तपासणी.

खोलीचंही गणित आहे. ढोबळ नियम असा की ताशी दर १,००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा हवी. ३०,००० बीटीयूच्या हीटरला १,५०० घनफूट, म्हणजे आठ फूट उंचीच्या छताखाली साधारण १२ बाय १६ ची खोली. बेडरूमसाठी मर्यादा १०,००० बीटीयूची, बाथरूमसाठी ६,००० ची. पाण्याचा हिशेब मी करून पाहिला. १६ ग्रॅम मिथेन जळला की ३६ ग्रॅम पाणी तयार होतं. त्या हिशेबाने ३०,००० बीटीयूचा हीटर तासाला सव्वा लिटरहून जास्त पाणी खोलीत सोडतो! काचांवर ओल आणि कोपऱ्यात बुरशी का येते ते यावरून कळेल.

कॅलिफोर्नियात घरात वापरायच्या अशा हीटरच्या विक्रीला परवानगीच नाही, टेक्सासमध्ये आहे. त्यामुळे कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. आधी आपल्या गावचा नियम बघ. गॅसची लाइन परवानाधारक फिटरकडूनच घे, जोड साबणाच्या पाण्याने तपासून घे. नैसर्गिक गॅसचं मॉडेल प्रोपेनला जोडू नकोस, दोन्हींच्या जेटची भोकं वेगळी असतात. पेटवल्यावर खिडकी थोडी उघडी ठेव, झोपताना बंद कर, आणि घर गरम ठेवायचं मुख्य साधन म्हणून तर वापरूच नकोस. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवाच. वास आणि ओडीएस या दोघांच्या तावडीतून जे सुटतं, ते पकडणारा तो एकटाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं, आम्ही कोथरूडला राहतो. बरोबर. पण बाथरूममधला गॅस गीझर आठवा. जवळपास तेवढीच आग, खोली मात्र पाच बाय सहाची, दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद, आणि धुराडं बहुतेक ठिकाणी नसतंच. हिवाळ्यात आंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध सापडल्याची बातमी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचली आहे. उपाय अगदी साधा: गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यायचा. प्लंबरचं एका दिवसाचं काम.

उद्या रविवार आहे, घरी फोन कराल तेव्हा गीझर कुठे लावलाय ते विचारून घ्या.