पासपोर्टातली कोरी जागा

तैवानचे दोन पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तर फरक चटकन सापडणार नाही. दोन्ही हिरवे आणि दोन्ही अस्सल. फोटोच्या पानावर मात्र ओळख क्रमांकाचा एक छोटा रकाना असतो. एका पासपोर्टात तिथे एक रोमन अक्षर आणि त्यापुढे ९ आकडे छापलेले असतात. दुसऱ्यात ती जागा कोरी असते.

युरोपातल्या शेंगेन देशांनी २०११ मध्ये तैवानी नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला, अमेरिकेने २०१२ मध्ये. दोघांनीही एकच अट घातली, पासपोर्टात तो क्रमांक हवा. कोऱ्या जागेवाल्यांनी पूर्वीसारखंच रांगेत उभं राहायचं. म्हणजे एकाच देशाचे दोन प्रकारचे नागरिक आहेत, हे परक्या देशांच्या इमिग्रेशन खिडकीलाही ठाऊक आहे.

हा क्रमांक नुसत्या जन्मानं मिळत नाही, आईवडील तैवानी असून भागत नाही. तो मिळतो घरनोंदीनं. प्रत्येक घराची सरकारी वही असते. त्यात कुटुंबप्रमुख, त्याच्याशी प्रत्येकाचं नातं, जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक, मृत्यू, कुठून आले, कुठे गेले हे सगळं असतं. आपल्या रेशन कार्डासारखं म्हणावं, तर आपलं रेशन कार्ड याच्यापुढे अगदीच गरीब. आधार, मतदार यादी, जन्म-मृत्यूचा दाखला आणि सातबाऱ्याचा थोडा रुबाब एकत्र केला तर त्या वहीच्या जवळपास पोचता येईल. तिथे मतदान, आरोग्य विमा, ओळखपत्र, मुलग्यांची सक्तीची लष्करी सेवा, सगळं या वहीला लटकलेलं आहे. आणि सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलात, तर तुमचं नाव वहीतून बाहेर काढलं जातं. तुम्ही अर्ज केला नाही तरी कचेरी ते स्वतःहून करू शकते.

नागरिकत्व जात नाही. पासपोर्ट राहतो, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरी तैवान तुमचं नागरिकत्व आपोआप काढत नाही. जातं ते फक्त वहीतलं नाव. पण त्या ‘फक्त’मध्ये जवळजवळ सगळंच येतं.

हे असं कसं झालं, याची गोष्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होते.

पहिलं ठिकाण पोलीस चौकी. चीनबरोबरच्या युद्धानंतर १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेलं. बेटावरच्या लोकांना दोन वर्षांची मुदत मिळाली: मालमत्ता विकून निघून जा, नाहीतर जपानी प्रजा व्हा. ८ मे १८९७ ला मुदत संपली. बहुतेक लोक होते तिथेच राहिले. मग राहिलेत तरी कोण, हे मोजायला १९०५ मध्ये घरोघर जाऊन खानेसुमारी झाली. सुमारे ३० लाख लोक भरले. पुढच्याच वर्षी त्या माहितीवर कायमस्वरूपी घरनोंद उभी राहिली आणि ती पोलिसांकडे सोपवली गेली. या वह्यांमध्ये नावगावाशिवाय आणखीही रकाने होते. हा माणूस अफू ओढतो का? या बाईचे पाय बांधलेले आहेत का? देवीची लस टोचली आहे का? घरात कोण पाहुणा आला, कोण गेला, हेही पोलिसांना कळवायचं. साम्राज्याला प्रजा दिसायला हवी होती आणि ती दिसलीही. इतकी स्पष्ट की आर्थर वुल्फ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं पुढे याच वह्यांवरून तिथल्या लग्नपद्धतींचा अभ्यास केला. सून करायची म्हणून तान्हेपणीच दत्तक आणलेल्या मुलींचं पुढे काय झालं, हे त्याला त्या रकान्यांतून वाचता आलं. पाळत ठेवण्यासाठी केलेली नोंद शंभर वर्षांनी संशोधकांचा खजिना होते, हे इतिहासात वारंवार घडतं. त्यामुळे मूळ हेतू मात्र धुऊन निघत नाही.

दुसरं ठिकाण तिथून दूर, आग्नेय आशियातल्या बंदरांमध्ये. जावा, मलाया, सयाम, फिलिपिन्स इथे लाखो चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. डच सरकार जावातल्या चिनी लोकांना आपली प्रजा ठरवण्याच्या बेतात आहे, असं दिसल्यावर चिंग राजवटीनं घाईनं १९०९ मध्ये चीनचा पहिला नागरिकत्व कायदा केला. सूत्र सोपं होतं: बाप चिनी तर मूल चिनी, मग ते जगात कुठेही जन्मो. राजवट १९१२ मध्ये गेली, सूत्र राहिलं. चिनी प्रजासत्ताकानं १९२९ मध्ये नवा कायदा केला तोही रक्तावरच आधारलेला. परदेशातला चिनी व्यापारी हा पैसा होता, क्रांतीसाठी वर्गणी होती, प्रतिष्ठा होती. त्याला आपला म्हणण्यात सरकारचं काही जात नव्हतं. आईकडूनही नागरिकत्व मिळायला २००० साल उजाडावं लागलं.

१९४९ मध्ये या दोन गोष्टी एकाच बेटावर येऊन थडकल्या. यादवी युद्ध हरलेलं सरकार तैवानला पळून आलं, येताना तो १९२९ चा कायदाही घेऊन आलं. आता कागदावर सारे परदेशस्थ चिनी त्याचे नागरिक होते, प्रत्यक्षात हातात एक बेट. सगळ्यांना आत येऊ द्यायचं तर बेट बुडेल. ‘तुम्ही आमचे नाही’ म्हणायचं तर खरा चीन आपणच, हा दावा बुडेल. तेव्हा जपान्यांनी मागे ठेवलेली ती नेटकी सवय कामाला आली. नागरिक सगळेच, पण घराच्या वहीत ज्याचं नाव, तोच आतला. ही चाल कुणी एका बैठकीत बसून आखली, असं मी म्हणणार नाही. पण सरकारला ती सोयीची होती आणि सोय टिकते.

मार्शल लॉच्या काळात (१९४९ ते १९८७) ही सोय हत्यारही झाली. देशात परत यायलाही परवाना लागे. अमेरिकेत, जपानमध्ये शिकायला गेलेल्या ज्या तैवानींनी तिथे लोकशाहीची किंवा स्वातंत्र्याची भाषा केली, त्यांची नावं काळ्या यादीत गेली. आई वारली तरी परवाना नाही. पंग मिंग-मिन हे कायद्याचे प्राध्यापक. १९६४ मध्ये जाहीरनामा छापल्याबद्दल त्यांना अटक झाली, १९७० मध्ये ते देशातून निसटून स्वीडनला पोचले. ते परत आले नोव्हेंबर १९९२ मध्ये.

हे १९९२ साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. राजद्रोहाच्या कलमातून नुसत्या बोलण्याचा गुन्हा वगळला गेला, काळी यादी जवळपास संपली, आणि त्याच वर्षी घरनोंदीच्या कचेऱ्या पोलिसांच्या अमलाखालून काढून मुलकी खात्याकडे गेल्या. वहीतला ‘मूळ प्रांत’ हा रकानाही गेला. तोवर तैवानात जन्मलेल्या मुलाच्या नावापुढेसुद्धा त्यानं कधी न पाहिलेला बापाचा चिनी प्रांत लिहिला जायचा. चार वर्षांनी, मार्च १९९६ मध्ये, तैवाननं पहिल्यांदा थेट मतदानानं अध्यक्ष निवडला. पंग मिंग-मिन विरोधी पक्षाचे उमेदवार होते. ते हरले, पण २१ टक्के मतं घेऊन.

वही मात्र राहिली. २००३ मध्ये तिथल्या घटनेचा अर्थ लावणाऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं की तैवानात बिऱ्हाड असलेल्या नागरिकाला मायदेशी यायला परवानगी मागायला लावणं घटनाबाह्य आहे. निकाल चांगलाच. पण त्यानं जी रेघ ओढली, तिच्या पलीकडे नोंद नसलेले नागरिक राहिले. त्यांना परवानगी लागतच राहिली.

पलीकडचे म्हणजे कोण? सगळ्यात चमत्कारिक अवस्था दक्षिण कोरियातल्या चिनी वस्तीची. त्यांचे पूर्वज बहुतेक शँडाँग प्रांतातून आलेले, म्हणजे तैवानशी घरोबा काहीच नाही. पण पासपोर्ट चिनी प्रजासत्ताकाचा, म्हणजे तैवानचा, अर्थातच क्रमांकाशिवाय. कोरियानं १९९२ मध्ये तैवानशी संबंध तोडून बीजिंगशी जोडले, पासपोर्ट तोच राहिला. २००६ पासून कोरियात कायम निवासाचा परवाना असलेल्या परदेशी लोकांना स्थानिक निवडणुकीत मतदान करता येतं. म्हणजे ज्या देशाचे ते नागरिक नाहीत तिथे ते मत देऊ शकतात. ज्या देशाचा पासपोर्ट खिशात आहे तिथे नाही, कारण तिथे त्यांचं घर कुठल्याच वहीत कधी नव्हतं.

आपल्याकडचं चित्र बरोबर उलटं आहे. भारतीय माणसानं स्वेच्छेनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याप्रमाणे त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. गावाकडच्या रेशन कार्डावर मात्र त्याचं नाव वर्षानुवर्षं तसंच असतं, ‘असू दे की’ म्हणत. तैवानात राष्ट्र तुम्हाला सोडत नाही, घर सोडतं. इथे राष्ट्र सोडतं आणि घर सोडत नाही.

वहीची बाजूही ऐकायला हवी. तैवानचा राष्ट्रीय आरोग्य विमा १९९५ मध्ये सुरू झाला आणि तो स्वस्त आणि चांगला आहे. कॅलिफोर्नियात वीस वर्षं राहायचं, हप्ता भरायचा नाही आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करायला माहेरी यायचं, याबद्दल तिथल्या लोकांच्या मनात बराच राग आहे. तो सगळा खोटा नाही. परदेशी असताना हप्ते थांबवून परतल्यावर पुन्हा सुरू करायची सवलत होती, तीही २०२२ च्या अखेरच्या एका निकालानंतर पुढे बंद झाली. वहीतून नाव गेलेल्यानं परतल्यावर आधी नोंद करायची. गेल्या दोन वर्षांत विमा नसेल तर सहा महिने थांबायचं. मग विमा. थांबण्याच्या त्या सहा महिन्यांत आजारी पडलेल्याला हा युक्तिवाद कितपत पटेल, हा प्रश्न वेगळा.

१ जानेवारी २०२४ पासून दार थोडं उघडलं आहे. तैवानच्या पासपोर्टावर आता नोंद नसलेल्यालाही वेगळा परवाना न काढता येता येतं. जन्माच्या वेळी आई किंवा वडिलांचं नाव वहीत असेल, तर परदेशात जन्मलेल्या मुलाला वयाची आणि आधीच्या वास्तव्याची अट न घालता स्वतःचं नाव नोंदवता येतं. मुलगा असेल तर त्या नोंदीमागून यथावकाश लष्करात भरतीची चिठ्ठीही येऊ शकते. कोरियातल्या त्या वस्तीला या दुसऱ्या सवलतीचा उपयोग नाही. त्यांच्या आईवडिलांचंही नाव कुठल्या वहीत नव्हतं.

आणि मतदान? टपालानं नाही, दूतावासात नाही, ऑनलाइन तर नाहीच. (आपणही मिरवू नये, २०१० च्या दुरुस्तीनं परदेशस्थ भारतीयांना मतदार होता येतं, पण मत द्यायला पासपोर्टावरच्या पत्त्याच्या गावी स्वतः यावं लागतं.) वहीतून नाव गेलेला तैवानी फक्त अध्यक्षपदासाठी मत देऊ शकतो, खासदार किंवा महापौर निवडायला नाही. तेही पूर्वी कधीतरी सलग सहा महिने तिथे राहिलेला असेल आणि निवडणुकीच्या किमान ४० दिवस आधी त्यानं अर्ज केला असेल तर. अर्ज करायचा तो देश सोडताना जिथे शेवटची नोंद होती, त्या कचेरीकडे. मतदानकेंद्रही त्याच पत्त्याचं. घर विकलेलं असेल, पाडून तिथे टॉवर उभा असेल, आईवडील जाऊन दहा वर्षं झाली असतील; बारा तासांचा विमानप्रवास करून माणूस त्या गल्लीतल्या शाळेत जातो आणि यादीत आपल्या जुन्या पत्त्यावर बोट ठेवतो.