पोलाद कापणारे दात : भिलाई आणि टंगस्टन कार्बाइड

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मान्यता दिली. चर्चा झाली ती मुख्यतः ई-कचऱ्याची आणि लिथियम बॅटऱ्यांची. पण २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टंगस्टनही आहे आणि त्याचे भंगार जिथे पोलाद घडते तिथे रोज साचते. भिलाईचा इतिहास या बाजूनेही वाचायला हवा.

भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून येई, चुनखडी नंदिनीहून. कच्चा माल असा हाताशी होता. मात्र खडकात सुरुंगाची भोके पाडायची, रुळाला छिद्रे घ्यायची किंवा झिजलेले रोल लेथवर पुन्हा कातायचे, तर पोलादाहून कठीण हत्यार लागते. ते दात भिलाईच्या खाणींतून निघणारे नव्हते.

या दातांचा जन्म बर्लिनमधला आणि कारण विजेच्या दिव्याचे. दिव्यासाठी टंगस्टनची बारीक तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत आणि त्या फार महाग पडत. टंगस्टन कार्बाइड कठीण होते, पण ठिसूळ. १९२३ मध्ये कार्ल श्रोटर यांनी त्याच्या भुकटीत कोबाल्ट मिसळून, दाबून, भट्टीत भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला कोबाल्ट कणांमध्ये झिरपतो आणि त्यांना घट्ट बांधतो. काठिण्य कार्बाइडचे, चिवटपणा कोबाल्टचा. क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, या नावाने बाजारात आणला. आपल्याकडच्या लेथवर ‘विडिया टिप’ हा शब्द आजही ऐकू येतो.

शुद्ध टंगस्टन कार्बाइडची घनता पोलादाच्या दुप्पट आणि ताठरपणा जवळपास तिप्पट असतो. हायस्पीड स्टीलचे हत्यार ६०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. कार्बाइडची धार त्याहून बऱ्याच अधिक तापमानालाही टिकते.

भारतात टंगस्टन अगदीच नाही असे नव्हे. राजस्थानातील डेगाण्याची खाण पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आली आणि १९९० च्या दशकात बंद पडली. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना पट्ट्यातही त्याची खनिजे आढळतात, पण तेथे मोठी खाण उभी राहिली नाही. देशाची गरज आयातीवर भागते. जगातील बहुतांश टंगस्टन चीन काढतो आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली.

येथे साधा हिशेब उपयोगी पडतो. टंगस्टनच्या खनिजात हा धातू बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. दहा टक्के कोबाल्ट असलेल्या झिजलेल्या टिपेत तो सुमारे ८४ टक्के असतो. वितळलेल्या जस्ताची कोबाल्टशी अभिक्रिया झाली की टिपेचे बंध सुटतात. नंतर निर्वातात जस्त उडवून परत मिळवता येते आणि कार्बाइडची भुकटी पुन्हा वापरायला उरते. दुसरी वाट रासायनिक : भंगाराचे ऑक्सिडीकरण करून, अल्कलीत विरघळवून टंगस्टन नव्याने शुद्ध करायचे.

अडचण विज्ञानाइतकीच गोळा करण्याची आहे. बोटाच्या पेराएवढी टिप लोखंडाच्या भंगारात मिसळली की हरवते. वेगळी डब्यात पडली तर ती खनिज ठरते. तिला धार लावताना उडणारी कोबाल्टमिश्रित धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून हे काम उघड्यावरच्या भंगार दुकानांवर न सोडता धूळ खेचणाऱ्या यंत्रांसह व्हायला हवे.

भिलाईने देशाला रूळ दिले. ते रूळ कापणाऱ्या दातांची खाण आता तिथल्याच वर्कशॉपांच्या कोपऱ्यांत पडून आहे.