उघाडी

रत्नागिरीजवळ एका खाडीला लागून आमची थोडी खारजमीन आहे. आहे म्हणजे सातबाऱ्यावर आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका उधाणाला बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि भात पिकायचं बंद झालं. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्यामुळे ही बातमी मला फोनवर कळली. बाबांना मात्र रोज त्याच वाटेने जावं लागतं.

गेल्या डिसेंबरात घरी गेलो तेव्हा ओहोटीच्या वेळी त्या पडीक खाचरांत पुष्कळ पाखरं उतरली होती. चिखल्या, तुतारी, लांब वाकड्या चोचीचे दोन कोरल, आणि पाणी साचलेल्या कोपऱ्यात सात-आठ तलवार बदकं. मी खुशीत फोटो काढत होतो. बाबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या पाखरांनी माझं शेत घेतलं." चिडून म्हणाले असते तर मी विसरलो असतो.

पुण्याला परतल्यावर मी वाचायला बसलो. ही पाखरं आपल्याकडे आधी कोणी मोजली, त्यांच्यासाठी कायदे कोणी केले, आणि त्यात आमच्यासारख्या जमिनीचा विचार कुठे आहे का, एवढंच बघायचं होतं.

पहिलं नाव सापडलं ते जी. डब्ल्यू. विडाल यांचं. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतला हा अधिकारी रत्नागिरीत होता. फुरशाच्या दंशाने कोकणात किती माणसं मरतात याचाही त्याने अभ्यास केला होता. १८८० साली त्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली. संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. ती सिमल्याच्या घरातून एका नोकराने रद्दीत विकली. ह्यूम यांचं पक्ष्यांवरचं मनच उडालं आणि त्यांनी आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. बॅकअप नसणं काय असतं ते माझ्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. विडालची यादी वाचली, कारण ती छापली गेली होती.

त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा. त्यामुळे पाखरांसाठी पहिले कायदे झाले तेही शिकारीच्या हिशेबाने. १८८७ च्या कायद्याचा रोख विणीच्या हंगामावर होता. त्या दिवसांत मारलेले पक्षी शहरांत आणि छावण्यांत विकायला बंदी करता येत असे. १९१२ च्या कायद्याने ही कल्पना वाढवली आणि त्याच्या यादीत बदकंही आली. पण विणीचा हंगाम हा निकष स्थलांतरित बदकांना कसा लागू करायचा? तलवार बदक अंडी घालतं ते उत्तरेकडे, सैबेरियाच्या बाजूला. आपल्याकडे येतं ते थंडीत, म्हणजे नेमकं शिकारीच्या मोसमात. पाहुण्याचं रक्षण करायचं, पण तो घरी नसताना, असा तो प्रकार होता.

अमेरिकेतही शिकारीच होते, पण तिथे हिशेब वेगळा मांडला गेला. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला एक डॉलरचं तिकीट घेणं सक्तीचं झालं आणि त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेतल्या जाऊ लागल्या. बदक राखायचं तर आधी त्याचं पाणी राखायला हवं, हे तिथे लवकर उमगलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदुका थांबल्या, आणि ते चांगलंच झालं. पण पाणी कोणी राखायचं हा प्रश्न तसाच राहिला.

पाणी राखायचं म्हणजे मुख्यतः त्याची खोली राखायची. तलवार बदक शेपूट वर करून, मान खाली घालून चरतं. मान पोचेल तेवढंच पाणी त्याच्या कामाचं. तुतारीला जेमतेम पाय बुडण्याइतकं पाणी आणि उघडा चिखल लागतो. वीतभर फरक पडला की पाहुणे बदलतात. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर याचं उत्तम उदाहरण आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी बंधारा बांधला तो सिंचनासाठी. मागे गाळ साचला, पाणी उथळ झालं, वनस्पती माजल्या आणि पाखरं आली. धरणाच्या दृष्टीने जे नुकसान, ते बदकांच्या पथ्यावर पडलं. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

आता आमची खारजमीन. खाडीचं पाणी अडवायला बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडतं आणि पावसाचं पाणी क्षार धुऊन बाहेर नेतं. भरतीला बाहेरच्या दाबाने बंद होतं. वीज नाही, सेन्सर नाही. पूर्वी हे बांध गावकी किंवा खोत सांभाळत. पुढे १९४८ चा मुंबईचा खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला. या कायद्यांच्या नजरेत खारजमीन म्हणजे भाताची जमीन, पाखरांचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम दुसऱ्या टोकाला जातात. भातशेती, मिठागरं, सिंचनासाठी बांधलेले जलाशय हे त्या नियमांच्या व्याख्येतच बसत नाहीत. रामसर करारात भातखाचरं पाणथळीत मोडतात. आमच्या नियमांत नाहीत. शेत शेतीखात्याचं, पाखरू वनखात्याचं, आणि जिथे दोघं एकत्र असतात त्या चिखलाला कोणी वाली नाही.

आणि तो चिखलही तसाच राहणार नाही. फुटलेल्या बांधाच्या आत आता कांदळाची रोपं उभी राहिली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन खासगी असली तरीही. ही बंदी गरजेचीच होती. ती नसती तर मुंबईच्या आसपासच्या खाड्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको. पण आमच्या खाचरात कांदळ दाट झालं की बाबांचं भात कायमचं जाईल आणि उघड्या चिखलावर चरणारी तुतारीही जाईल. म्हणजे बाबा आणि ती पाखरं एकमेकांचे वैरी नाहीत. दोघांनाही माणसाने हातात ठेवलेलं पाणी हवं आहे. पावसाळ्यात भात घ्यायचं, आणि कापणी झाली की उघाडीला फळ्या लावून वीतभर पाणी आत धरायचं. नवं काही बांधायचं नाही.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. विडालपासून रामसरपर्यंत. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. बांध दुरुस्त करायचा तर शेजारच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतील, आणि त्यातले निम्मे मुंबईला असतात, हे त्यांनी आधी सांगितलं. मग विचारलं, "आणि फळ्या लावायला डिसेंबरात कोण येणार? तू?"

मी म्हटलं, येतो. या वर्षीची रजा टाकली आहे. सह्यांची यादी मी एक्सेलमध्ये केली आहे. बाबांनी तीच वहीतही उतरवून घेतली आहे.